काठ की वीण

पांगानी
३ मार्च १९९६

माझ्या धाकट्या नवऱ्या हातिबु,

सलाम घे. तुझ्या आईचा, मामाचा, शेजारच्या तिन्ही घरांचा घे, आणि लंगड्या बोकडाचाही घे. तू सिंगिडाला मास्तरकी करायला गेल्यापासून तो तुझ्या खोलीत झोपतो. झाले सलाम. आता कामाचं.

तुझं पत्र पोचलं. तातूने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या खेपेला मी नुसती मोजत होते. एका पानात तू तीनदा 'मी इथे मजेत आहे' असं म्हटलंयस. मजेत असलेला माणूस ते एकदा लिहितो, नाहीतर लिहायचं विसरतोच. तुझे आजोबा मोंबासाला होडीवर होते तेव्हा तेही तीनतीनदा मजेत असायचे, आणि घरी आले ते गळ्यात हात बांधून. तेव्हा खरं काय ते कळव. बायकोपासून लपवू नये. तू जन्मलास तेव्हा आजोबांनी तुला सगळ्यांदेखत उचलून म्हटलं होतं, "आला माझा वाटेकरी, आजपासून हिचा नवरा हा." प्रत्येक नातवाला म्हणतात तसं. आता ते राहिले नाहीत, म्हणजे सगळा संसार तुझ्या अंगावर.

हे पत्र लिहितेय ती तातू, नदीपार नेणाऱ्या तरीच्या धक्क्यावर मासे तळणारी. तू लहानपणी तिला 'धुराची ताई' म्हणायचास. पूर्वी माझी पत्रं मशिदीतले उस्ताद लिहीत, पण ते माझं बोलणं सुधारायचे. मी 'गाढवा' सांगायची, ते 'प्रिय' लिहायचे. तातू सांगेन तसं लिहिते. जरा नाक मुरडते, पण लिहिते.

(मी नाक मुरडत नाही. – तातू)

हे बघ, आत्ता मी गप्प होते तरी हिचा हात चालला. मला अक्षर येत नाही, पण हात दिसतो.

बसच्या कंडक्टरकडे माझ्या हातच्या, शिंदीच्या पातींच्या दोन चटया दिल्यात. एक निजायची, एक नमाजाची. दोन्हींत लाल पात घातलीय, आणि दोन्हींना एकच पिवळा काठ शिवलाय, म्हणजे जोडी आहे हे तुझ्यासारख्यालाही कळेल. उत्तर खरं दे.

तुझी थोरली आणि सध्या एकुलती एक बायको,
म्वानाशा

•

सिंगिडा
२२ मार्च १९९६

आजी,

पकडलंस. मजेत नाही.

चटया मिळाल्या. जेवणाचं सांगून टाकतो. इथे नारळ नाही. बाजरीच्या पिठाची घट्ट शिजवलेली उगाली असते आणि तिच्याबरोबर एक बुळबुळीत पाला. तो घशाखाली आपला आपण उतरतो, मला विचारतसुद्धा नाही. पण माझं रडगाणं पाल्याचं नाही.

मला माध्यमिकच्या दुसऱ्या फॉर्मचा 'ब' वर्ग दिलाय. एक्केचाळीस मुलं. त्यांना अक्षरांचे अपूर्णांक शिकवायचेत. साधा अपूर्णांक तुला माहीत आहे: पपईचे चार भाग केले, त्यातले तीन घेतले. वर तीन, खाली चार, मधे रेघ. आता आकड्यांच्या जागी वर 'क्ष अधिक तीन' आणि खाली 'क्ष अधिक पाच' असं काहीतरी येतं. क्ष म्हणजे कुठलीतरी संख्या. कुठली, ते ठरलेलं नाही.

मी पहिल्याच दिवशी सांगून बसलो, "वर आणि खाली सारखं असेल ते कापायचं." मग काय, पोरांनी वरचा क्ष कापला, खालचा क्ष कापला, आणि उरले तीन पंचमांश. सगळ्यांचं तेच. मी म्हटलं, चूक. का चूक ते फळाभर लिहिलं. "समजलं का?" "समजलं, गुरुजी," एक्केचाळीस तोंडं, एकच सूर. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. तिघांना जमलं, आणि त्यातले दोघे एका बाकावर बसतात.

लिओकादिया सुंगी म्हणून एक मुलगी आहे. ती उभी राहिली. "गुरुजी, कधी म्हणता कापा, कधी म्हणता कापू नका. तुमच्या मनावर आहे का?" वर्ग हसला. मी फळा पुसायला घेतला.

परवा मुख्याध्यापिका दामियाना मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये सराव परीक्षा आहे. निम्मा वर्ग पास झाला नाही, तर वर्ग हांगो गुरुजींकडे जाईल. तुम्ही शाळेच्या शेतातली सूर्यफुलं बघा." निम्मा म्हणजे एकवीस. माझ्याकडे तीन आहेत. हांगो गुरुजी वाईट नाहीत, पण त्यांच्या टेबलावर खडूच्या आधी छडी असते. मुलांना हे कळलंय. लिओकादियाने विचारलं, "गुरुजी, तुम्ही जाणार का?" ही आठवडाभरातली सगळ्यात चांगली गोष्ट, कारण विचारताना ती हसत नव्हती.

तुझा,
हातिबु

•

पांगानी
१४ एप्रिल १९९६

नवऱ्या,

आता कसं, पोट भरल्यासारखं पत्र आलं.

नारळाचं ऐकून तुझ्या आईला दुःख झालं. मला नाही. बुळबुळीत पाला खाऊन तुझी जीभ तरी वळेल, लहानपणापासून जड आहे.

तुझं गणित तातूने वाचलं आणि मधेच थांबून म्हणाली, "बरोबरच आहे की पोरांचं. तीन पंचमांश. यात अवघड काय?" तेव्हा तुझ्या वर्गात बेचाळीस पोरं आहेत असं धरून चाल. त्यातलं एक मासे तळतं.

(आजी, हे लिहायलाच हवं का? – तातू)

लिही म्हटलं ना, सगळं लिही.

मला तुझे क्ष कळत नाहीत, पण वर एक आणि खाली एक हे कळतं. जन्मभर मी चटयांच्या जोड्याच विकल्या. तर असं कर. मी दिलेल्या दोन चटया वर्गात ने. एक वर धर, एक खाली. पोरांना सांग, या दोन्हींत जे सारखं आहे ते दोन्हींतून काढून घ्या. बघा, जोडी जोडीच राहते, आणि चटयाही चटयाच राहतात. आठ वर्षांची पोर हे करू शकते. मी पाच वर्षांची असताना करत होते, पण तुझ्या पोरांकडून एवढी अपेक्षा नाही.

तुझ्या 'समजलं गुरुजी'बद्दल एक सांगते. धक्क्यावर वीस बायका माझ्या चटईवर हात फिरवून एका सुरात "छान" म्हणतात, तेव्हा त्या दिवशी एकही विकली जात नाही. जी म्हणते, "हा कोपरा तिरका का गं?" ती घेऊन जाते. त्या सुंग्यांच्या पोरीला धरून ठेव.

बकरीद दोन आठवड्यांवर आली. बोकड लंगडा आहे, लंगडं जनावर कुर्बानीला चालत नाही, म्हणून वाचला. त्याला हे कुणीतरी सांगितलंय बहुतेक. फार माजलाय.

तुझी,
म्वानाशा

•

सिंगिडा
१० मे १९९६

आजी,

तुझी एक चटई गेली. आधी ते सांगतो.

वर्गात दोन्ही नेल्या. पोरांनी एक वर, एक खाली धरली. मी तुझ्याच शब्दांत म्हटलं, "दोन्हींत जे सारखं आहे ते काढा." एलिबारिकी नावाचा एक उंच मुलगा आहे, तो म्हणाला, "लाल." सगळा वर्ग म्हणाला, "लाल, लाल." लिओकादिया पुढे आली, तिने नमाजाच्या चटईतली एक लाल पात चिमटीत धरली आणि ओढली. ती निघेना म्हणून अजून ओढली. मग निघाली, आणि तिच्यामागोमाग काळी निघाली, मग पांढरी, आणि पोरीच्या हातात लाल पात आणि पायाशी शिंदीच्या पातींचा ढीग. वर्ग एवढा हसला की दामियाना मॅडम दारात आल्या. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "हे बीजगणित?" आणि गेल्या.

लिओकादिया रडकुंडीला आली. "गुरुजी, तुमच्या आजीची चटई." मी म्हटलं, "आजी मला मारील, तुला नाही." पण खरं सांगू, मला राग तुझाच आला. तूच म्हणालीस, काढा, चटई चटईच राहते.

तातूताईला सांग, तीन पंचमांश चूकच आहे. तिच्यासकट सगळा वर्ग चुकलाय, म्हणून ते बरोबर होत नाही. ऑगस्टला तीन महिने उरलेत, आणि काल सूर्यफुलाच्या शेतावरचा माणूस मला कुठल्या मापाचे बूट लागतात ते विचारून गेला.

हातिबु

•

पांगानी
२ जून १९९६

अरे गाढवा,

(हे 'गाढवा' आजीने तीनदा सांगितलं. मी एकदाच लिहिलंय. – तातू)

तुझं पत्र ऐकून मी ओट्यावर इतकी हसले की शेजारीण पाणी घेऊन धावत आली. मग ती हसली. मग तातूही हसली, पण तिचं हसू जरा पुढे सांगते तिथपर्यंतच टिकलं.

लाल ओढलीत? चटईतून लाल कोण ओढतं? मी म्हणत होते काठाचं. काठ. दोन्हींना पिवळा काठ मी मुद्दाम शिवून दिला होता. काठ चटईभोवती सगळीकडून फिरतो, वरून शिवलेला असतो, दोरा ओढला की अख्खा सुटून हातात येतो, आणि आतली चटई जिथल्या तिथे. लाल पात आत विणलेली. ती काळीच्या खालून आणि पांढरीच्या वरून जाते, तिघींनी एकमेकींना धरलंय. एक ओढलीस की सगळ्या गेल्या. मला वाटलं हे जगात सगळ्यांना माहीत असतं. त्या सिंगिडात चटया आभाळातून पडतात काय?

चूक माझी. 'काठ' हा शब्द सांगायचा राहिला. साठ वर्षं रोज ज्याला हात लागतो, त्याचं नाव तोंडात येतच नाही. आता तू तुझ्या क्षकडे बघ आणि मला कळव, तो काठ आहे की वीण.

आता तातूचं. तू चूक म्हटल्यावर ही दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती तावातावाने. म्हणे, "आजी, शाळेत क्ष किती ते गुरुजींना माहीत असायचं. ते सांगायचे नाहीत. मग मी बरोबर कसं काढू?" मी म्हटलं, "अगं, तरीतून आज किती माणसं उतरणार ते तुला माहीत असतं का? तरी सकाळी मासे तळतेसच ना? माहीत नसेल तर एक धर, आणि बघ."

तिने एक धरला. वर एक आणि तीन, चार. खाली एक आणि पाच, सहा. चार षष्ठांश. तिने तेच पुन्हा मांडून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, हे तीन पंचमांश नाहीच." मग क्ष दोन धरला, मग दहा धरला. दर वेळी वेगळंच, तीन पंचमांश एकदाही येईना. तेवढ्या वेळात धक्क्यावर चुलीवर टाकून आलेले अकरा मासे करपले. गिऱ्हाइकांनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही, कारण लिहिणारी तीच आहे.

या कागदाच्या पाठीमागे काही खरडलेलं दिसेल. कागद जुना होता. तिकडे लक्ष देऊ नको.

म्वानाशा

•

सिंगिडा
२४ जून १९९६

आजी, आणि तातूताई,

पत्र आलं त्याच दिवशी पहिल्या तासाला मी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "क्ष किती आहे हे मला माहीत आहे आणि मी लपवतोय, असं किती जणांना वाटतं?" आधी कुणी हात वर करेना. मग लिओकादियाने केला. मग एलिबारिकीने. मग एकेक करत छत्तीस हात. आजी, छत्तीस. चार महिने ही पोरं माझ्याकडे, मी खिशात आंबा ठेवून तो ओळखा म्हणतोय, अशा नजरेने बघत होती. मी म्हटलं, "मला माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला हवा तो धरा." 

मग प्रत्येकाने आपापला क्ष धरला आणि तीन पंचमांश स्वतःच्या हाताने मोडला. मी एकदाही 'चूक' म्हटलं नाही.

त्यानंतर चटई काढली. ढीग झालेली नव्हे, निजायची. काठाचा दोरा ओढला, काठ सुटला, चटई तशीच राहिली. फळ्यावर लिहिलं: वर तीन आणि कंसात क्ष अधिक दोन, खाली तीन आणि कंसात क्ष अधिक पाच. तीनने सगळ्या कंसाला गुणलंय, कंसातल्या प्रत्येकाला. म्हणजे तो सगळीकडून फिरतो. लिओकादिया बसल्या जागेवरून म्हणाली, "काठ." "आणि कंसातला क्ष?" "तो दोनला धरून बसलाय. वीण." मी खडू तिच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. 

पुढचंही जमलं. वर क्ष वर्ग अधिक तीन क्ष असेल, तर दोन्ही तुकड्यांत एकेक क्ष आहे. तो दोघांतून गोळा करून बाहेर आणला की त्याचा काठ होतो. खाली पाच क्ष असतील तर तिथलाही काठ तोच. दोन्ही उसवा, राहिले क्ष अधिक तीन, खाली पाच. एलिबारिकीने विचारलं, "क्ष शून्य धरला तर?" त्याला उत्तर लिओकादियानेच दिलं, "मग खालची चटईच नाही. वरची काय हवेत अंथरणार?"

आता वर्गात कुणी काहीही कापायला निघालं की चाळीस जण विचारतात, "काठ की वीण?" काल जेवताना एकाने दुसऱ्याच्या ताटातली भाजी उचलली तेव्हाही विचारलं.

तुझ्या 'जुन्या कागदा'कडे मी लक्ष दिलं नाही. फक्त लाल पेनाने तपासला. सहापैकी पाच गणितं बरोबर. सोबत परत पाठवतोय. सहाव्यात वीण ओढलीय. ज्याने कुणी खरडलंय त्याला सांग. बोकड असेल तर त्यालाही सांग.

एक मात्र बाकी आहे. बेरीज. दोन भागिले क्ष, अधिक तीन भागिले कंसात क्ष अधिक एक. पोरं वरची वर मिळवतात, खालची खाली. एक धरून बघतात, चुकलं हे त्यांना कळतं. पण मग बरोबर कसं करायचं ते 'छेद समान करा' असं सांगून त्यांच्या गळी उतरत नाही. छेद म्हणजे खालचा. चटईत बेरीज आहे का, आजी?

तुमचा,
हातिबु

•

पांगानी
१८ जुलै १९९६

नवऱ्या,

तू काय पाठवलंस ते तुला माहीत नाही.

तातूने तो कागद उघडला आणि बघतच राहिली. मी विचारलं, "काय झालं, कोण गेलं?" तिने मला दाखवलं. लाल शाईची एक खूण. एक पाय आखूड, एक पाय लांब. "हे म्हणजे बरोबर, आजी." अशा पाच. मग ती तो कागद घेऊन धक्क्यावर गेली आणि तरीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला दाखवत सुटली. तरीच्या नावाड्याला तर दोनदा. तो म्हणाला, "एक मासा जास्त दे, मग म्हणतो छान." तिने दिला.

संध्याकाळी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आता मी सांगते आणि मीच लिहिते. तुम्ही मधे बोलू नका." तर हे पुढचं तिचं.

(हातिबुभाऊ, मी दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या फॉर्मच्या परीक्षेत नापास झाले. सगळे विषय सुटले होते, फक्त गणित राहिलं, आणि गणितात हेच. पुन्हा बसायचं तर वडील नको म्हणाले. मग लग्न झालं, मग मुलं झाली दोन. मला वाटायचं, माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. तुम्ही ती पाच पाठवलीत. हे तुमच्या वर्गातल्या मुलांना सांगा, एवढंच.)

बघ, आता पाणी पुसतेय आणि म्हणते धूर गेला. चूल विझून तास झाला.

बेरजेचं उत्तरही तिनेच काढलं, मी फक्त चटया पुढे केल्या. ती म्हणाली, "काठ जसा उसवता येतो तसा लावताही येतो ना?" मी म्हटलं, "नाहीतर काय, मी पोट कशावर भरते?" तर असं. दोन जोड्या आहेत. खालच्या दोन चटया सारख्या हव्यात, तरच वरच्या दोन एकत्र करता येतात. एका खालच्या चटईला जो काठ आहे, तो दुसऱ्या जोडीच्या खालच्या चटईला लाव. तिला जो आहे, तो हिला लाव. झाल्या दोन्ही सारख्या. पण खाली काठ लावलास की त्याच जोडीच्या वरच्या चटईलाही तोच लाव. इथे लोक आळस करतात. खाली लावला आणि वर विसरलं की जोडी मोडली. मग गिऱ्हाईक परत येतं, आणि सोबत सासूला आणतं.

तातूने एक धरून पाहिला, साडेतीन आले, काठ लावायच्या आधीही आणि नंतरही. मासे या वेळी करपले नाहीत. आधी तळून ठेवले होते.

ऑगस्ट कधी लागतो ते मला तातू रोज सांगते. मी विचारत नाही, तरी सांगते.

म्वानाशा

•

सिंगिडा
३० ऑगस्ट १९९६

आजी, तातूताई,

तुमच्या दोघींच्या बायकी घाईला मान देऊन आधी आकडा सांगतो. सत्तावीस.

एक्केचाळीसपैकी सत्तावीस. एकवीस हवे होते. पेपर हांगो गुरुजींनी तपासले, माझ्याकडे दिलेच नव्हते. निकालही त्यांनीच लावला. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसले, चहा अर्धा संपवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "या पोरांनी पेपरात सगळीकडे समासात 'काठ' आणि 'वीण' लिहून ठेवलंय. आमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांना सांगशील का, हे काय आहे?" मी ढीग झालेली चटई कपाटातून काढली. आम्ही दोघे शाळा सुटल्यावर तासभर जमिनीवर बसलो होतो. त्यांची छडी अजून टेबलावर आहे, पण परवा ते त्या छडीने फळ्यावरचा कंस दाखवत होते.

दामियाना मॅडम म्हणाल्या, "सूर्यफुलांना दुसरा माणूस बघावा लागणार." मग दारातून वळून म्हणाल्या, "त्या चटईवाल्या बाईंना माझा सलाम कळवा." तर सलाम घे.

लिओकादिया पास झाली, वर्गात दुसरी. पहिला एलिबारिकी. ती त्याच्याशी दोन दिवस बोलत नव्हती. तातूताईचा निरोप मी वर्गात जसाच्या तसा वाचून दाखवला. कुणी 'समजलं गुरुजी' म्हटलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर झोपतो, त्याने विचारलं, "त्या ताई आता परीक्षेला बसणार का?"

चौदा जण राहिलेत. नोव्हेंबरला खरी परीक्षा आहे. रोज शाळा सुटली की ते माझ्या निजायच्या चटईवर बसतात, काठ उसवलेल्या. एका चटईवर चौदा जण कसे बसतात विचारू नको.

सोबत त्याच परीक्षेचा कोरा पेपर आहे. दहा प्रश्न, तीन तास. मधे कुणी मदत करायची नाही. हे तुला म्हणतोय, आजी.

हातिबु

•

पांगानी
२९ सप्टेंबर १९९६

माझ्या सूर्यफुलांच्या हातून सुटलेल्या नवऱ्या,

सत्तावीस ऐकून तुझ्या आईने नारळाच्या दुधातला भात केला आणि सगळ्या गल्लीला वाढला. तुला पाठवता येत नाही म्हणून तुझा वाटा बोकडाने खाल्ला. तो आता स्वतःला तूच समजतो.

तुझ्या मॅडमना सलाम. त्यांचं लग्न झालंय का, विचारून घे. मला सवत आणायची तर जरा दरारा असलेली आण.

पेपर झाला. तीन तास कसे मोजायचे ते मी ठरवलं: नावाड्याची तर पलीकडे जाते, अलीकडे येते, अशा सहा फेऱ्या. नावाड्याला ताकीद दिली की आज गप्पा मारत थांबायचं नाही, त्याने बिचाऱ्याने प्रवासी मागे ठेवले पण तर वेळेवर सोडली. तातूची चूल तिच्या बहिणीने धरली. मी तिच्यासमोर बसून चटई विणत होते आणि एक शब्द बोलले नाही. पहिल्या फेरीत तिने तीनदा डोकं वर केलं. दुसऱ्या फेरीत एकदा. त्यानंतर थेट सहाव्या फेरीलाच, आणि तेव्हा म्हणाली, "आजी, झालं." मी म्हटलं, "मला काय सांगतेस, मी वाचणारी का?" पण मला कळलं होतं. मी तिचा हात बघत होते. पूर्वी तो दोन पावलं चालायचा आणि मागे येऊन खोडायचा. या वेळी पाणी भरून घरी निघालेल्या बाईसारखा चालला, कुठेही न थांबता.

(दोन ठिकाणी खोडलंय. – तातू)

गप्प. ती पुढच्या वर्षी परीक्षेला बसतेय, खाजगी. नवरा आधी म्हणाला, "मासे कोण तळणार?" मी त्याला ओट्यावर बोलावलं. काय बोलले ते लिहायचं नाही. आता तो तळतो. मिरची जास्त घालतो, पण लोक खातात.

तिचा पेपर सोबत आहे. आणि कंडक्टरकडे एक चटई दिलीय. मोठी आहे, चौदा जण पसरून बसतील. तीच विणत होते त्या दिवशी. ही तुझ्यासाठी नाही, वर्गासाठी आहे. मला अक्षरं येत नाहीत आणि या वयात शिकणारही नाही, मला तुमच्यासारखं वाकून बसायला आवडत नाही. पण तुझी ती लाल खूण मला येते. एक पाय आखूड, एक पाय लांब. आपल्या विणीत तिरकं जाणं सोपंच, दोन दिवसांत हातात बसली. लाल पातीने मी अशा बेचाळीस घातल्यात. एक्केचाळीस तुझ्या पोरांच्या आणि एक तातूची.

हो, त्या राहिलेल्या चौदांच्याही. तू म्हणशील, आजी, ते अजून पास झाले नाहीत, आणि तातूचा पेपरही मी अजून बघितला नाही. माहीत आहे. कडेने पिवळा काठ शिवलाय, तो तुला हवा तर उसव. पण खुणा मी काठावर घातलेल्या नाहीत. आत विणल्यात, काळीच्या खालून आणि पांढरीच्या वरून. त्या सुंग्यांच्या पोरीला सांग, आता ओढून दाखव.

तुझी,
म्वानाशा